ताईचे सहा गुरुवार

माझी ताई दातांच्या दवाखान्यात नंबर लावते. बावीस वर्षं झाली. डॉक्टर दात काढतात आणि ताई माणसं आत सोडते. यातलं अवघड काम कोणतं असं विचाराल, तर मी ताईचंच म्हणेन. ठणकणारी दाढ घेऊन आलेल्या माणसाला "बसा, अजून चार जण आहेत" असं एकदा सांगून बघा. लोकांना तिचं नाव माहीत नाही. "नंबरवाल्या बाई" म्हणतात. रस्त्यात भेटले की हसायच्या आधी त्यांचा हात आपोआप गालाकडे जातो.

मी तिची धाकटी बहीण, चौदा वर्षांनी धाकटी. कपडे अल्टर करून देणाऱ्या दुकानात काम करते. लोक बारीक झाले की शिवण आत घ्यायची, जाड झाले की सोडायची. सोडायचंच काम जास्त येतं. घरी आम्ही दोघीच. ताईच्या वाटणीचा रागसुद्धा देवाने माझ्याच पदरात टाकला असावा, कारण ती कधी आवाज चढवत नाही आणि माझा उतरत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण जे झालं त्यात माझ्या रागाचा हात आहे.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताई कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि मी चार वर्षांची. ताईने कॉलेज सोडलं. आईचं केलं, मला वाढवलं. हे मी कोणाला सांगायला लागले की ती विषय बदलते किंवा उठून पाणी प्यायला जाते. मला वाटायचं, हा तिचा मोठेपणा. त्या कॉलेजची एकच गोष्ट ती आपणहून सांगायची. पुस्तकं परत करायला गेली, तेव्हा वर्षभर ज्यांचा एकही तास तिने चुकवला नव्हता ते सर दारात भेटले आणि म्हणाले, "काय गं, तू कोणत्या वर्गाची?" ती हे हसत हसत सांगायची. पण दरवर्षी एकदा तरी सांगायची, आणि ज्या गोष्टीचं खरंच हसू येतं ती माणूस इतकी जपून ठेवत नाही.

म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी तिने घरबसल्या पदवी करायचं ठरवलं, तेव्हा मी सगळ्या दुकानाला चहा पाजला. ऑनलाइन कॉलेज. तास रेकॉर्ड केलेले, पेपर फोनवरून पाठवायचे, मार्क फोनवर यायचे. ताई स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन उभा करायची, पदर-बिदर नीट करायची आणि वही उघडायची. तास ऐकताना मान हलवायची. मी म्हटलं, "अगं, त्यांना दिसत नाही." तर म्हणे, "म्हणून काय दगडासारखं बसायचं?"

कॉलेजने सुरुवातीलाच एक पत्रक पाठवलं होतं, प्राध्यापकांशी चांगलं नातं कसं जोडावं याचं. आपणहून ओळख करून द्या, नेमका प्रश्न विचारा, भेटीच्या तासाला या, आणि उगाच त्रास देऊ नका. ताईने ते चारदा वाचलं. तिच्या डोक्यात राहिलं ते शेवटचं.

दुसऱ्या वर्षी समाजशास्त्राला एक मॅडम आल्या. फोनच्या चौकोनात दिसायच्या तेवढ्याच. चष्मा, अर्धवट पिकलेले केस, मागे भिंतीला टेकवलेली सायकल. शिकवताना मध्येच थांबून "हे मला स्वतःला नीट कळलेलं नाही" म्हणायच्या. ताईला त्याचं कोण अप्रूप! "बाई एवढ्या शिकलेल्या आणि सरळ सांगतात, कळलं नाही म्हणून," असं मला जेवताना दोनदा तरी ऐकवायची.

या मॅडमनी एक पेपर लिहायला दिला होता. माणसं जिथे जमतात अशी एक जागा निवडा, तिथे नीट बघा, आणि काय दिसलं ते लिहा. वर्गातल्या कोणी बाजार घेतला, कोणी बसथांबा. ताईने दवाखान्यातला बाक घेतला. कोण दाराजवळ बसतं, कोण भिंतीकडे तोंड करतं, कोण कोणाचा सुजलेला गाल बघून खूश होतं. नऊ पानं लिहिली. तीन आठवडे लागले.

पेपर तपासून आला त्या संध्याकाळी ती दवाखान्यातून थेट माझ्या दुकानात आली. असं तिने आजवर कधी केलं नव्हतं. मी एका पँटची कंबर धरून बसले होते, तोंडात टाचण्या. तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. एका वाक्याखाली हिरवी रेघ होती. वाक्य असं: "आपला नंबर दुसऱ्याला देणारा माणूस नेहमी दयाळू असतो असं नाही, बऱ्याचदा तो घाबरलेला असतो." आणि शेजारी मॅडमनी लिहिलं होतं, "हे तुम्हाला कसं कळलं? मला यावर तुमच्याशी बोलायचंय. गुरुवारी भेटीच्या तासाला या."

"त्यांना माझ्याशी बोलायचंय," ताई म्हणाली. मी टाचण्यांमधून "हं" म्हटलं आणि कंबर शिवत राहिले. बाकीची पानं वाचायला मागायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

भेटीचा तास म्हणजे गुरुवारी एक ते दोन. कोर्सच्या पानावर एक लिंक दिलेली, ती दाबली की मॅडमच्या समोर. नेमकी तीच दवाखान्याची जेवणाची सुट्टी. ताईने जागा शोधली ती मागच्या साच्यांच्या खोलीत. तिथे भिंतभर फळ्या आहेत आणि फळ्यांवर लोकांच्या दातांचे प्लास्टरचे साचे, प्रत्येकावर नंबर आणि तारीख. दुसरीकडे कुठे दार लावून बसता येत नाही. मी म्हटलं, "मॅडम आधी त्या दातांशीच बोलतील." तर तिने खरंच जुनी चादर नेऊन फळ्यांवर टांगली.

पहिल्या गुरुवारी ती बारा पन्नासला लिंक दाबून बसली. पडद्यावर आलं, "थोडं थांबा. तुम्हाला लवकरच आत घेतलं जाईल." ती थांबली. दोन वाजता सुट्टी संपली, तरी आत घेतलं नव्हतं. घरी आली ती हरखलेली. "केवढी गर्दी असेल गं त्यांच्याकडे! बरोबर आहे. एवढं छान शिकवतात."

दुसऱ्या गुरुवारी तेच. तिसऱ्या गुरुवारी तेच.

आता इथे दुसरं कोणी असतं तर त्याने विचारलं असतं. पण बावीस वर्षं लोकांना थांबवणारीला, थांबणं म्हणजे चांगलं वागणं असं वाटतं. दर पाच मिनिटांनी खिडकीशी येऊन "अजून किती वेळ?" विचारणारे पेशंट तिला मुळीच आवडत नाहीत. त्यांची फाइल ती मुद्दाम खाली घालत नाही. पण वरही काढत नाही. गप बसून राहणाऱ्याकडे मात्र तिचं बरोबर लक्ष असतं. तिला वाटलं, मॅडमचंही असेल.

मी म्हटलं, "एक ओळ लिही त्यांना. मी बाहेर बसलेय म्हणून."

"सगळेच बसलेले असतात."

"अगं, बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही."

"मला काही विकायचं नाहीये," ती म्हणाली.

ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते हे असं. मी चिडले, तिच्यावर नाही म्हटलं तरी जरा जास्तच. पण खरं सांगते, त्या गुरुवारांनी ताई बदलली. बुधवारी रात्री केस धुवायची. एका कागदावर मुद्दे लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. मॅडम काय विचारतील, त्यावर आपण काय सांगू, मग त्या काय म्हणतील. भांडी घासता घासता मध्येच थांबायची आणि ओल्या हाताने कागदावर काहीतरी टिपून ठेवायची. कोणीतरी आपली वाट बघतंय अशा तोऱ्यात चालायची. एवढ्या वर्षांत मी तिला असं बघितलंच नव्हतं. चेहरा तिचाच, पण कोणीतरी आतून दिवा लावल्यासारखा.

सहावा गुरुवार गेला आणि शुक्रवारी संध्याकाळी मॅडमची सगळ्या वर्गाला सूचना आली. "या सत्रात भेटीच्या तासाला एकही विद्यार्थी आला नाही. पुढचा गुरुवार शेवटचा. कोणाला यायचं असेल तर मी आहेच."

ताईने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग फोन पालथा ठेवला.

"एकही नाही म्हणतात."

"खोटं बोलतायत," मी म्हटलं.

"नाही गं. खोटं कशाला बोलतील? आपण कुठेतरी चुकलो असू." मग म्हणाली, "मी लिहीन त्यांना. नीट विचार करून लिहीन. दोन दिवस दे मला."

दोन दिवस! शेवटचा गुरुवार तोंडावर आला होता आणि हिला विचार करायचा होता. मला झोप लागली नाही. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या, अजून एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं, मी कापायच्या टेबलाशी उभी राहिले आणि मॅडमच्या सूचनेखालून रात्रीच उतरवून घेतलेल्या पत्त्यावर, ताईचं नाव घालून, मेल लिहिली. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना माहीत आहे, बोटांनाही नाही हे मला त्या दिवशी कळलं. "आपल्याला पगार शिकवण्याचा मिळतो की माणसं ताटकळत ठेवण्याचा?" इथून सुरुवात. माझी बहीण सहा गुरुवार उपाशी बसली, असं लिहिलं. डबा तिने सहाही वेळा खाल्ला होता. तिने माझ्यासाठी आणि आजारी आईसाठी शिक्षण सोडलं, आयुष्य जाळलं, आणि आता या वयात उमेदीने शिकतेय तर तुम्ही तिच्या तोंडावर दार लावता, असंही लिहिलं. पाठवून दिली, आणि अगदी हलकं वाटलं. दिवसभर मी चांगल्या शिवणी घातल्या.

मॅडमचं उत्तर ताईला दुपारीच आलं. कोर्सच्या पानावर गेल्या वर्षीची लिंक तशीच राहिली होती. ताई सहा गुरुवार एका बंद खोलीच्या बाहेर बसली होती आणि मॅडम दुसऱ्याच खोलीत, एकट्या. दुसरं कोणी आलंच नव्हतं, त्यामुळे ही चूक कोणाला कळलीही नाही. मॅडमनी नवी लिंक पाठवली होती आणि चार ठिकाणी माफी मागितली होती.

ताईने घरी येऊन विचारलं, "काय लिहिलंस तू त्यांना?"

मी फोन दिला. तिने सगळं वाचलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "जाळलं काय गं," एवढंच म्हणाली, आणि फोन परत दिला.

शेवटच्या गुरुवारी मी दुकानातून सुट्टी काढून तिच्याबरोबर गेले. मीच म्हटलं, कोणी दार वाजवलं तर थोपवते. खरं म्हणजे मला बघायचं होतं. साच्यांच्या खोलीत प्लास्टरच्या पोत्यावर, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, मी बसले. एक वाजता ताईने लिंक दाबली आणि लगेच समोर मॅडम. चष्मा, सायकल, सगळं खरंच होतं.

"अहो, मला माफ करा," मॅडम म्हणाल्या.

ताई म्हणाली, "नाही हो, तुमची काय चूक."

मग मॅडम बोलतच राहिल्या. मेल वाचून त्यांना रडू आलं होतं. तुम्ही केवढा त्याग केलात, केवढं सोसलंत, आणि आमच्याकडून हे असं व्हावं. ताई मध्ये म्हणायला गेली, "तसं काही नाही, मॅडम, ते खरं म्हणजे..." पण मॅडमना तो तिचा विनय वाटला. "तुम्ही असंच म्हणणार, मला माहीत आहे." मग त्यांनी त्यांचं सांगितलं. त्यांची नेमणूक एका वर्षापुरती होती. दर गुरुवारी रिकाम्या पडद्यासमोर बसून त्यांना वाटायचं, आपलं शिकवणं मुलांना आवडत नाही. आता नेमणूक पुढे वाढली नव्हती. हे सांगताना त्यांचा आवाज बसला, आणि ताई त्यांची समजूत काढायला लागली. दुखऱ्या दाढेवाल्यांची काढते तशीच, हळू आवाजात. "तुम्ही फार छान शिकवता. आम्ही कोणी सांगितलं नाही, ही आमची चूक."

ताईच्या मांडीवर तो कागद होता. मुद्द्यांचा. मला पोत्यावरून दिसत होता. तिने तो दोनदा उचलला आणि दोनदा खाली ठेवला.

दोनला सात मिनिटं असताना मॅडमनी डोळे पुसले, हसल्या, म्हणाल्या, "आणि तो तुमचा पेपर! त्यात ते वाक्य होतं ना..." ताई पुढे सरकली. तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला, त्यांनी बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. कॉलेजमधून होता, सोडण्याच्या कागदांवर सह्या करायला बोलावत होते. "मला जावं लागेल. पण तुम्ही लिहा हं मला. नक्की लिहा."

"हो, मॅडम," ताई म्हणाली.

मला कळत होतं की ज्या पत्त्यावर लिहायचं तो कॉलेजचा आहे, आणि कॉलेज त्या सोडून चालल्यात. मला ओरडून सांगायचं होतं, ताई, घरचा पत्ता माग, फोन नंबर माग. मॅडमही क्षणभर थांबल्या होत्या, काहीतरी मागितलं जाईल म्हणून. पण एकदा तोंड उघडून मी काय करून ठेवलं होतं ते समोर दिसत होतं. जन्मात पहिल्यांदा मी जीभ दाताखाली धरली. आणि नेमकी तेव्हाच धरायला नको होती. पडदा काळा झाला.

ताईने लिहिलं. तिच्या पद्धतीने, विचार करून, सतरा दिवसांनी. मेल परत आली. हा पत्ता आता वापरात नाही. ताईने मला ते वाचून दाखवलं, हवामान सांगावं तसं. कॉलेजला फोन करून मॅडमचा ठावठिकाणा विचारूया म्हटलं, तर नको म्हणाली. तिसरं वर्ष सुरू झालं. नवे सर आले. त्यांना तिने पहिल्याच आठवड्यात आपली ओळख लिहून पाठवली, आणि त्यांचं "धन्यवाद" आलं. तेही बरे आहेत म्हणते. पण गुरुवारी एकच्या सुमारास कधी मी तिला फोन केला, तर ती साच्यांच्या खोलीतच असते. नुसती बसलेय म्हणते, शांत असतं इथे.

गेल्या रविवारी दुपारी ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, "ताई, तो पेपर दे ना. वाचते."

"तू?"

"का, मला वाचता येत नाही?"

तिने फोनवर काढून दिला. मी नऊच्या नऊ पानं वाचली. तो बाक मी शंभरदा पाहिलाय, पण तिथे एवढं चालतं हे मला माहीत नव्हतं. मग ते वाक्य आलं, हिरव्या रेघेचं. मी विचारलं, "हे तुला कसं कळलं गं?"

तिने हातातला कपडा खाली ठेवला.

"दयाळू माणूस नंबर देतो आणि परत आपल्याच जागी बसतो," ती म्हणाली. "ज्याला दिला त्याच्याशी दोन शब्द बोलतो. घाबरलेला नंबर देतो आणि एक जागा मागे सरकतो. पुढच्या वेळी परत कोणीतरी शोधतो. लोक त्याला म्हणतात, किती चांगले हो तुम्ही. आणि तो ते ऐकून घेतो. ते ऐकून घेतो ना, तिथे मला कळतं." तिने खाली ठेवलेल्या कपड्याची सुरकुती हाताने सपाट केली. "आई आजारी होती तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, दिवसभर मी बघते, पोरीलाही सांभाळते, तू कॉलेज सोडू नकोस. मीच नको म्हटलं. मला त्या वर्गाची भीती वाटायची गं. एकशे वीस जणांत बसायची, कोणी काही विचारेल याची, आणि कोणी काहीच विचारणार नाही याचीही. मग सगळे म्हणाले, केवढा त्याग केला पोरीने. मी ऐकून घेतलं. अठ्ठावीस वर्षं ऐकून घेतेय. हे मॅडमना सांगायचं होतं. त्यांनी विचारलं होतं ना, कसं कळलं म्हणून. आणि नंतर त्यांना विचारायचं होतं, की असा माणूस एकदा मागे सरकला की मग त्याचं पुढे काय होतं, याचा कोणी अभ्यास केलाय का. त्यांना माहीत असतं. नसतं तर त्यांनी तसं सांगितलं असतं."

मी त्या मेलमध्ये काय लिहिलं होतं ते मला शब्दन्शब्द आठवलं.

ताई माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. ती वाट बघत होती, मी पुढचं काय विचारते त्याची. सहा आठवडे तिने कागदावर सगळं मांडून ठेवलं होतं, समोरचा काय विचारेल, मग आपण काय सांगायचं. मी खूप शोधलं. मला शिवण सोडता येते, भांडता येतं, पण एवढं ऐकल्यावर माणसाला पुढे काय विचारायचं असतं, ते मला कोणी शिकवलेलं नाही.

मी म्हटलं, "छान लिहिलंयस, ताई."

"हो का," ती म्हणाली, आणि पुन्हा घड्या घालायला लागली.